ताट वेगळं केलं, पण सुई उष्टीच राहिली

गेल्या वर्षी गणपतीत मामाने मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलं, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की एकदा येऊन भेटून जा. तिथे त्याला बाजूला बसवून सांगितलं की तुमची हिपॅटायटिस बी ची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. मामा ठणठणीत माणूस, कधी कावीळ नाही, दारूला शिवत नाही, रोज पहाटे रानात जातो. त्याला काही समजेना. घरी आल्यावर मामीने काय केलं तर मांडणीवरून लग्नातल्या आहेराचं, नाव कोरलेलं एक ताट काढलं, एक वाटी आणि एक तांब्या काढला आणि हे तुमचं म्हणून वेगळं ठेवलं, टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं, नातवाला जवळ घेऊ देईना.

मी त्या घरी पोचले तेव्हा हे सगळं झालेलं होतं. मी पुण्यात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, पंधरा वर्षं झाली, त्यामुळे माझं लक्ष सारखं सुया-टोचण्यांकडे जातं. आजीच्या कॉटशेजारी फळीवर शुगर बघायचं मशीन होतं आणि त्याच्यासोबतचा टोचायचा पेन. मी विचारलं हा कोण कोण वापरतं, तर आजी म्हणाली, "मी वापरते, आणि तुझा मामा पण बघतो की महिन्या-दोन महिन्यांनी, त्याची शुगर बॉर्डरला आलीय ना." आणि टोचणी बदलता का, तर म्हणे एक टोचणी आठवडाभर चालते, कशाला वाया घालवायची.

म्हणजे बघा, ज्या ताटातून हा आजार पसरत नाही ते ताट वेगळं झालं आणि ज्या पेनातून खरोखर पसरू शकतो तो तसाच दोघांच्यात चालू होता. यात मामीची चूक नाही, तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. दर वर्षी २८ जुलैला हिपॅटायटिस दिवस येतो, पेपरात चौकट येते, पण हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा हे साध्या भाषेत कुणी सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

कावीळ आणि हिपॅटायटिस एकच का?

नाही. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला आलेली सूज, आणि कावीळ हे त्याचं एक लक्षण, डोळे-लघवी पिवळी होणं. सूज असून कावीळ न दिसणं हे अगदी कॉमन आहे. ही सूज दारूने येते, काही औषधांनी येते, आणि विषाणूंनी येते. विषाणू मुख्य पाच, त्यांना नावं दिलीत ए, बी, सी, डी, ई.

यातले ए आणि ई पाण्याचे. पावसाळ्यात पाइपलाइन फुटली, गटाराचं पाणी मिसळलं की गल्लीभर कावीळ होते ती ही. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात (गरोदर बाईला मात्र ई फार धोक्याचा असतो, तिथे अजिबात अंगावर काढायचं नाही). बी, सी आणि डी हे रक्ताचे. डी म्हणजे आंब्यावरचं बांडगूळ समजा, त्याला स्वतःचं स्वतः वाढता येत नाही, बी असेल त्याच्याच अंगावर तो वाढतो, म्हणून बी ची लस घेतली की डी आपोआप अडतो.

आपल्याकडे गोंधळ होतो तो शब्दामुळे. सगळ्याला कावीळच म्हणतात, बी असला तर पांढरी कावीळ म्हणतात, आणि मग कावीळ उतरवायला कुठे नाकात थेंब टाकून घे, कुठे माळ घालून घे असं चालू होतं. ए आणि ई वाले तसेही आपोआप बरे होणार असतात त्यामुळे माळेचं नाव होतं, आणि बी-सी वाल्याचे डोळे पांढरे झाले की त्यालाही वाटतं सुटलो, पण आत विषाणू तसाच बसून राहू शकतो.

मग इतकी वर्षं मामाला काहीच का नाही झालं?

कारण लिव्हर बोलत नाही. दात किडला तर रात्रभर झोपू देत नाही, पण लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाच जवळपास नाहीत, आणि ते इतकं चिवट आहे की बराच भाग खराब झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. सूज येते, भरते, वण राहतो, परत सूज, परत वण, असं वीस-पंचवीस वर्षं चालतं आणि मग एक दिवस मऊ लिव्हरच्या जागी नुसता वणांचा कडक गोळा उरतो, त्याला सिरॉसिस म्हणतात. पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, काहींना कॅन्सर होतो, तेव्हा माणूस दवाखान्यात येतो आणि घरचे म्हणतात काल परवापर्यंत चांगला होता. दारू न पिणाऱ्या माणसाला सिरॉसिस झाला की गावात कुजबुज होते की चोरून पीत असणार, आणि त्या माणसाला आजाराबरोबर हेही सहन करावं लागतं.

मोठेपणी बी चा संसर्ग झाला तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक तो स्वतःच परतवून लावतात. पण जन्माच्या वेळी आईकडून लागला तर उलटं होतं, दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो, कारण बाळाच्या प्रतिकारशक्तीला हा परका आहे हे ओळखताच येत नाही. शरीरात टिकून राहिला की त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि असा बी मोठेपणी शंभरातल्या २० ते ३० जणांना सिरॉसिस नाहीतर लिव्हरच्या कॅन्सरपर्यंत नेतो. सी ची गोष्ट वेगळी, तो मोठ्या माणसातही बहुतेक वेळा टिकूनच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत, भारतात हिपॅटायटिस बी असलेले साधारण २ कोटी ९८ लाख आणि सी असलेले ५५ लाख. यातल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला काही आहे हेच माहीत नाही, मामासारखंच.

उष्टी सुई म्हणजे काय

आपल्याला उष्टं म्हणजे काय हे लहानपणापासून कळतं. रांजणात उष्टा पेला बुडवला तर आजी ओरडायची, सगळं पाणी उष्टं केलंस म्हणून. हाच नियम सुईला लावायचा.

इंजेक्शन देताना सुई शरीरात जाते तेव्हा तिच्या टोकाला रक्त लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुई बाहेर येताना दाबामुळे रक्ताचा अगदी बारीक अंश सुईच्या पोकळीतून वर सिरिंजमध्येही ओढला जाऊ शकतो, डोळ्यांना दिसत नाही, सिरिंज एकदम स्वच्छ दिसते. म्हणून "सुई बदलली होती, सिरिंज तेवढी तीच होती" हे उत्तर चालणार नाही, सिरिंजसुद्धा उष्टी झालेली असते. आणि पुढची पायरी त्याहून वाईट, ती उष्टी सिरिंज औषधाच्या मोठ्या बाटलीत बुडवून परत औषध ओढलं की तो झाला रांजणातला पेला. त्या बाटलीतून पुढे नव्याकोऱ्या सिरिंजने ज्यांना ज्यांना औषध दिलं त्या सगळ्यांपर्यंत ते पोचू शकतं.

एवढ्याशा रक्ताने काय होतंय, असं वाटेल. विषाणू भरात असलेल्या माणसाच्या एका मिलीलिटर रक्तात बी चे कोट्यवधी कण असू शकतात, म्हणजे सुईच्या टोकावर राहिलेलं न दिसणारं रक्त पण पुष्कळ झालं. दवाखान्यात काम करणाऱ्यांना एक हिशोब शिकवतात, बी ची लस न घेतलेल्या माणसाला संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, सी ची शंभरात तीन किंवा त्याहूनही कमी, आणि बी ची शंभरात तीसपर्यंत. आपण घाबरतो एचआयव्हीला, आणि घाबरावं असाच तो आहे, पण सुईच्या बाबतीत बी त्याच्या कितीतरी पुढे आहे.

शिवाय बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. सी चा विषाणू सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात दोन महिन्यांपर्यंत टिकल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणजे "वाळलंय की आता" याला अर्थ नाही.

आणि सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे वेळ. बी ची लक्षणं दिसलीच तर एक ते सहा महिन्यांनी दिसतात. चैत्रात घेतलेल्या सुईचा त्रास भाद्रपदात, कोण जोडणार दोन्हीचा संबंध.

हे खरंच होतं का, की नुसती भीती?

गुजरातमधलं मोडासा, तेव्हाचा साबरकांठा जिल्हा, २००९ सालची सुरुवात. अचानक हिपॅटायटिस बी चे पेशंट वाढले, बघता बघता शेकडो झाले आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. शोधाशोध केली तर बहुतेकांनी आधीच्या काही महिन्यांत तिथल्या खाजगी दवाखान्यांत इंजेक्शनं घेतलेली निघाली, सिरिंजा परत परत वापरल्या जात होत्या, आणि धाडी घातल्यावर वापरलेल्या सिरिंजांचे ढीग सापडले, त्या धुऊन परत विकायला जात होत्या. तिथे गेलेली माणसं तुमच्या-आमच्यासारखी होती, थंडीतापाला सुई घ्यायला गेलेली.

दुसरं उदाहरण इजिप्तचं, ते वाचलं तेव्हा मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं. नाईल नदीच्या पाण्यातून होणारा बिल्हार्झिया नावाचा जंताचा आजार घालवायला तिथल्या सरकारने १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुमारापर्यंत गावोगाव इंजेक्शनची मोहीम राबवली. चांगल्या हेतूने. काचेच्या सिरिंजा, नीट न उकळता पुढच्या माणसाला. सी विषाणूचा शोधच १९८९ मध्ये लागला, त्यामुळे काय पसरतंय हे कुणाला माहीतच नव्हतं, आणि जगात सर्वात जास्त हिपॅटायटिस सी असलेल्या देशांत इजिप्त गेला. पण पुढचं पण सांगायला पाहिजे, त्याच देशाने २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत साधारण पाच कोटी लोकांची तपासणी केली, सापडले त्यांना फुकट औषध दिलं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सी च्या निर्मूलनाच्या वाटेवरचा गोल्ड दर्जा त्यांना दिला. सगळ्यात आधी दिला तो त्यांनाच.

आपल्याकडे मूळ अडचण आपल्या सवयीत पण आहे. "डॉक्टर, गोळ्या नको, एक सुई मारा म्हणजे लवकर उतरेल", "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा", हे मी रोज ऐकते. सर्दी-ताप-अंगदुखीत बहुतेक वेळा गोळीने तेच काम होतं. जी सुई घेतलीच नाही तिच्यातून काही लागत नाही, हे इतकं सोपं आहे.

डॉक्टरला कसं विचारायचं, सुई नवी आहे का म्हणून?

विचारायचंच, सरळ. मला रोज दोन-तीन जण विचारतात, "ताई, सुई बदलली ना?" मला एकदाही राग आलेला नाही, उलट बरं वाटतं की हा माणूस जागा आहे, मी पाकीट त्यांच्यासमोरच फोडते. पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फुटलं पाहिजे, आणि काम झाल्यावर सुई कटरमध्ये तोडली पाहिजे नाहीतर न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे. ट्रेमध्ये उघडी, भरून ठेवलेली सिरिंज असेल तर सांगायचं, माझ्यासाठी नवी घ्या. ऑटो-डिसेबल म्हणून सिरिंज असते, एकदा दट्ट्या पूर्ण दाबला की परत मागे येत नाही, सरकारी लसीकरणात तीच वापरतात.

शुगरचा पेन, गोंदण, वस्तरा आणि तुरटी

सुई म्हटली की आपल्याला फक्त इंजेक्शन आठवतं, पण कातडी जिथे जिथे फुटते तिथे हाच नियम.

शुगरच्या पेनाचं आधी सांगते. पेनाच्या आत बारीक टोचणी असते, बटण दाबलं की ती बाहेर येऊन बोट टोचते आणि आत जाते. टोचणी नवी घातली तरी पेनाच्या तोंडाशी, त्या टोपीच्या भोकाच्या कडेला, रक्त लागून राहतं. आजीच्या पेनाची टोपी काढून मी मामीला दाखवली, कडेला तपकिरी बारीक रेघ होती, धुळीची वाटावी अशी, ते वाळलेलं रक्त होतं. म्हणून घरात दोघांना शुगर असेल तर पेन दोन पाहिजेत, मशीन एक चालेल पण रक्ताचा थेंब मशीनला लागू द्यायचा नाही, पट्टीलाच लावायचा, आणि मशीन पुसून ठेवायचं. मंडळाच्या, बँकेच्या, देवस्थानाच्या फुकट शुगर तपासणी शिबिरात तर पेन असेल तर बोटच द्यायचं नाही, तिथे एकदाच वापरून टाकायची सुटी टोचणी पाहिजे.

जत्रेत गोंदणारे बसतात, एक सुई, एक शाईची वाटी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग. इथे सुई बदलली तरी वाटीतली शाई उष्टी असते, परत रांजणाचीच गोष्ट. टॅटूच्या एसी दुकानात पण हेच बघायचं, सुई पाकिटातून काढली का आणि शाई प्रत्येकाला वेगळ्या छोट्या टोपणात ओतून घेतली का. कान टोचायला आपल्याकडे बाळाला सोनाराकडे नेतात, सोनारानेच कान टोचावेत असं म्हणतोच आपण, तर नेताना सोनाराला एवढंच सांगायचं की तार नवी पाहिजे.

सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी अर्धं ब्लेड नवं लावतात, चांगलं आहे. पण ती तुरटी बघितलीय का तुम्ही? दाढी झाली, कुठे कापलं, रक्त आलं की तुरटीचा खडा ओला करून त्या जागेवर फिरवतात, आणि तोच खडा पुढच्या गिऱ्हाईकाच्या कापलेल्या जागेवर. ब्लेड बदलून उपयोग काय मग. मामाला मी सांगितलं, दाढी घरी कर किंवा तुरटी स्वतःची खिशात घेऊन जा. आणि घरात रेझर, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्याचं वेगळं, हिरड्यांतून रक्त येतंच थोडंफार.

स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं असं वाटतं बऱ्याच जणांना, नाही होत. दाताच्या दवाखान्यातली वगैरे अवजारं परत वापरायची असतील तर ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, १२१ डिग्रीची वाफ दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं.

म्हणजे पेशंटबरोबर जेवायचं नाही का?

जेवायचं, एका ताटात जेवलं तरी चालतं. बी आणि सी हे जेवणातून, पाण्यातून, शिंकेतून, हात धरल्याने, मिठी मारल्याने, एकाच संडास-बाथरूमने, डास चावल्याने पसरत नाहीत. पसरतात ते रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. संबंधातून लागायचा धोका बी चा जास्त असतो, म्हणून नवरा-बायकोपैकी एकाला बी असेल तर दुसऱ्याची टेस्ट करायची, निगेटिव्ह असेल तर लस द्यायची, आणि लस पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरायचा. बाळाला अंगावर पाजता येतं.

इथे लोक गप्प होतात कारण शरीरसंबंध म्हटलं की चारित्र्यावर जातं. मामाला त्याच्या मित्रानेच विचारलं, कुठे जाऊन आलास का. मामा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. त्याला कधी लागलं हे आता कळणारच नाही, कदाचित लहानपणीच, कदाचित शाळेत एकाच सुईने सगळ्या वर्गाला टोचलं तेव्हा. पन्नाशीच्या माणसाला हा प्रश्न विचारून काय मिळणार आहे.

रक्त चढवावं लागलं तर?

ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधल्या चाईबासाची बातमी आली, थॅलेसेमियाच्या लहान मुलांना चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही लागल्याची, आणि तेव्हापासून लॅबमध्ये येणारे खूप जण विचारतात की रक्त घ्यावं की नाही.

गरज असेल तर घ्यावंच लागतं. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकणारे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले, आणि प्रत्येक बाटलीच्या पाच टेस्ट सक्तीच्या आहेत, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. पण संसर्ग झाल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात, बियाणं पेरलंय पण अजून जमिनीवर कोंब आलेला नाही असे ते दिवस. नॅट नावाची टेस्ट हे दिवस खूप कमी करते पण ती सगळ्या ब्लड बँकांत होत नाही, म्हणून थॅलेसेमियाच्या मुलांना, ज्यांना दर महिन्याला रक्त लागतं, त्यांच्या आईबापांनी नॅट तपासलेलं रक्त मिळतंय का हे विचारावं आणि मुलांची बी ची लस आधी पूर्ण करून घ्यावी.

आणि रक्तदान करताना काही लागतं का, तर नाही. पिशवी आणि सुई सीलबंद येते, एकदाच वापरतात. मामाला रक्तदानामुळे काही झालं नाही, रक्तदानामुळे कळलं.

लस आहे, तरी आपण घेत का नाही?

बी ची लस १९८० च्या दशकापासून आहे, आणि तिच्यामुळे लिव्हरचा कॅन्सरही टळतो, तैवानने १९८४ मध्ये बाळांना द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झालेला दिसला. आपल्याकडे आधी ती बाहेरून यायची आणि महाग पडायची, १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतात बनवली आणि किंमत खाली आली. सरकारी लसीकरणात २००२-०३ ला काही ठिकाणी आली आणि २०११ मध्ये देशभर. म्हणजे आज तिशीच्या पुढे जे आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना ती लहानपणी मिळालीच नाही, तुम्ही त्यात असाल तर एकदा टेस्ट करा आणि निगेटिव्ह असाल तर तीन डोस घ्या, आज, एक महिन्याने आणि सहाव्या महिन्याला.

बाळासाठी पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंट या एकत्र लसीतून मिळतात, पण पहिला चुकला तर आईकडून आलेला विषाणू थांबवायची वेळ निघून जाते. गरोदरपणात एचबीएसएजी टेस्ट करतात ती याचसाठी (विषाणूच्या अंगावरचं आवरण रक्तात सापडतंय का, एवढंच ती बघते), आणि आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन पण शक्यतो बारा तासांच्या आत देतात. बाळंतीण माहेरी, फाईल सासरी असं होतं आपल्याकडे, तेव्हा हा रिपोर्ट बाळंतपणाच्या बॅगेत वरच ठेवा.

सी ला लस नाही.

मग औषध?

सी बरा होतो. हे पुन्हा लिहिते कारण लोकांना खरं वाटत नाही, हिपॅटायटिस सी गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, साधारण बारा आठवडे रोज गोळ्या, आणि शंभरातले पंच्याण्णव जण मुक्त. २०१३ मध्ये अमेरिकेत यातली सोफोसबुव्हिरची एक गोळी हजार डॉलरला होती, पुढे भारतीय कंपन्यांनी जेनेरिक बनवली आणि चित्रच बदललं. टेस्ट अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली तर लगेच खचू नका, ती फक्त सांगते की विषाणू कधीतरी येऊन गेला, आत्ता आहे का हे व्हायरल लोडने (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या टेस्टने) कळतं, काही जणांच्या शरीराने तो स्वतःच घालवलेला असतो.

बी चं तसं नाही. शेतकऱ्याला सांगायचं तर सी म्हणजे काँग्रेस गवत, वेळेत मुळासकट उपटलं की गेलं, आणि बी म्हणजे हराळी, वरून कितीही काढा खाली काशी, म्हणजे जमिनीतली मुळं, राहते. बी स्वतःचा एक धागा आपल्या पेशीच्या गाभ्यात ठेवून बसतो, आजची औषधं त्याला वाढू देत नाहीत पण तो धागा काढता येत नाही. म्हणून ज्यांना औषध लागतं त्यांना बहुधा वर्षानुवर्षं रोज एक गोळी, आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही, बंद केली की एकदम उसळतो. प्रत्येकाला औषध लागतंच असंही नाही, मामाचा व्हायरल लोड कमी आला, सोनोग्राफी चांगली आली, डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं आणि दारू आयुष्यात नाही.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झालाय, त्यात बी आणि सी च्या टेस्ट आणि औषधं फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जाऊन हिपॅटायटिसचं सेंटर कुठे म्हणून विचारायचं.

चुकून सुई टोचलीच तर

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पिळायचं नाही, चोखायचं नाही, जखमेवर ब्लीच ओतायचं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बी साठी लस आणि अँटिबॉडीचं इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांत, एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायची गोळी जमलं तर दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत. सी साठी असं आधी द्यायचं औषध नाही, पुढे टेस्ट करत राहायचं. जमिनीवर रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी कागदाने टिपून घ्यायचं, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी ओतून दहा मिनिटं ठेवायचं आणि मग पुसायचं.

आणि एक कळकळीने. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनो, सुया कचऱ्याच्या पिशवीत नुसत्या टाकू नका. घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या बायका आमच्या लॅबमध्ये येतात, बोटाला सुई टोचली ताई, आता काय करू म्हणून, आणि कुणाची सुई होती हे कुणालाच माहीत नसतं. फिनेलची नाहीतर तेलाची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, त्यात सुया टाका, भरली की झाकण घट्ट लावून वर मार्करने "सुया" लिहा आणि जवळच्या दवाखान्यात घेतात का विचारा, नाहीतर गाडीवर हातात वेगळी द्या आणि तोंडाने सांगा आत काय आहे.

मामाकडे सगळ्यांच्या टेस्ट झाल्या. मामी निगेटिव्ह, मामेभाऊ आणि सून निगेटिव्ह, नातवाचे डोस पूर्ण होते. आजीचा रिपोर्ट मी स्वतः लावला होता, तो निगेटिव्ह येईपर्यंत त्या पेनाच्या टोपीची रेघ डोळ्यांपुढून हलली नाही. तिचा दुसरा डोस मार्गशीर्षात होता, गुरुवारचा उपास सोडून कशी येऊ म्हणत होती, उपासाला सुई चालते म्हटल्यावर आली. जुना पेन फेकला, नव्या दोन पेनांवर मामीने नेलपॉलिशने खूण केलीय, आजीच्या लाल आणि मामाच्या गुलाबी, आणि आहेराचं ते ताट परत मांडणीवर सगळ्या ताटांत गेलंय.